सिकलसेल आणि आपल्या दोन परीक्षा

– एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

वार्षिकांकासाठी साहित्य मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी कविता दिल्या, कुणी प्रवासवर्णन दिले, कुणी संतसाहित्यावर लेख दिला. मला कविता येत नाही. सेलू ते वर्धा या एसटीच्या वाटेपलीकडे माझा फारसा प्रवासही झालेला नाही. परंतु एका विषयाचा अभ्यास मी गेली आठ वर्षे करीत आहे. तो आपल्या अभ्यासक्रमात नाही. त्याची परीक्षा मात्र येते, आणि तिचे वेळापत्रक आधी लागत नाही. तो विषय म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार. तो मला जन्मापासून आहे.

आपल्या जिल्ह्यात, आणि एकूणच विदर्भात, हा आजार नवा नाही. तरी महाविद्यालयात त्याविषयी कुणी बोलत नाही. ज्यांना तो आहे ते लपवितात आणि ज्यांना नाही त्यांना तो कानावरून गेलेला असतो, एवढेच. म्हणून या लेखात हा आजार काय आहे, तो सांभाळून शिकता येते काय, आणि येत असेल तर कसे, हे माझ्या अनुभवाच्या आधारे सांगण्याचा प्रयत्न करणार आहे. मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. मराठी वाङ्मय, राज्यशास्त्र आणि गृहअर्थशास्त्र हे माझे विषय. तेव्हा चूकभूल क्षमस्व.

विळा रक्तात कसा गेला?

मी सहावीत असताना शाळेत रक्ततपासणी झाली. बोटाला सुई टोचून थेंब घेतला. काही दिवसांनी मोठ्या दवाखान्यात बोलावून दुसरी तपासणी केली. पहिली चाचणी विद्राव्यता चाचणी, म्हणजे गावात ज्याला ‘सोल्युबिलिटी’ म्हणतात ती. तिच्यावरून रक्तात दोष आहे एवढे कळते. दोष किती आहे, म्हणजे माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या दुसऱ्या तपासणीत कळते. माझ्या अहवालावर ‘एसएस’ अशी दोन अक्षरे होती. ताईच्या अहवालावर ‘एएस’. आईबाबांच्याही ‘एएस’.

‘सिकल’ म्हणजे विळा, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आई म्हणाली, “विळा त आपल्या हातात रायते, थो रगतात कसा गेला वं?” तिला तेव्हा उत्तर देता आले नाही. आता देते ते असे.

रक्तातील तांबड्या पेशी निरोगी माणसात गोल व मऊ असतात. बारीकशा केशवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. त्या पेशींत हिमोग्लोबिन असते व ते प्राणवायू वाहून नेते. माझ्या हिमोग्लोबिनची घडण किंचित वेगळी आहे. प्राणवायू सोडून दिल्यावर ते एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या बनतात आणि पेशी विळ्याच्या पात्यासारखी वाकडी व ताठ होते. अशा पेशी बारीक वाहिनीत अडकतात. जेथे अडकतात तेथील हाडामांसाला रक्त पोहोचत नाही, आणि वेदना सुरू होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त नेहमी कमी. फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळसर दिसतात. माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहून लहानपणी कितीदा तरी माझी कावीळ उतरविली गेली. बोटे सुजली की आजी वाताचा लेप लावी. यात आजीचा दोष नव्हता. नाव ठाऊक नसलेल्या दुखण्याला माणूस ठाऊक असलेले नाव देतो.

मुळात चूक किती लहान आहे हे वाचले तेव्हा मी थक्क झाले. हिमोग्लोबिनमधील ज्या साखळीत हा दोष असतो, तिच्यात १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी १४५ जागी सर्व बरोबर. व्हर्नन इन्ग्राम यांनी ही गोष्ट १९५७ साली दाखवून दिली. आपण मराठीचे विद्यार्थी. ‘दिन’ लिहिताना वेलांटी चुकली की ‘दीन’ होतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

एक विद्यार्थी, शिकागो, १९०४

या आजाराच्या इतिहासात एक गोष्ट मला फार जवळची वाटते. वैद्यकीय वाङ्मयात ज्याच्या रक्ताचे प्रथम वर्णन झाले तो रुग्ण महाविद्यालयीन विद्यार्थी होता. त्याचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या लहान बेटावरून तो १९०४ साली दंतवैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहरी आला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, म्हणजे ऐन थंडीत, तो रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यास विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. त्या लेखात रुग्णाचे वय वीस वर्षे दिले आहे. नाव दिलेले नाही.

नोएल पुढे वारंवार आजारी पडला. तरीही त्याने १९०७ साली शिक्षण पूर्ण केले, मायदेशी परत जाऊन दातांचा दवाखाना चालविला, आणि १९१६ साली न्यूमोनियाने तो वारला. वय अवघे ३२. त्याला ना आजचे औषध मिळाले, ना लस. परक्या मुलखात, उष्ण बेटावरून थेट शिकागोच्या हिवाळ्यात येऊन, त्याने पदवी घेतली. मी त्याच्याहून एका वर्षाने लहान आहे आणि माझे गाव येथून एसटीच्या अंतरावर आहे. अभ्यासाचा कंटाळा आला की मला त्याची आठवण होते.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये या आजाराची नोंद झाली. विदर्भाविषयी १९५८ साली नागपूरचे डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकात आला. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे हे विज्ञानाला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘हा अमक्या जातीचा आजार’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, गोंडांसारख्या आदिवासी जमातींत आहे आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. जगात तो आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठावरही आहे. याचे कारण मलेरिया. ज्यांच्या रक्तात हे जनुक एकेरी असते त्यांना प्राणघातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखविले. म्हणून जेथे पिढ्यानुपिढ्या मलेरिया होता तेथे हे जनुक टिकले. जनुकाला जात कळत नाही. आपण लग्ने जातीतच करतो, म्हणून ते ठरावीक घरांतून फिरत राहते, इतकेच.

हिवाळी आणि उन्हाळी

आता मुख्य विषयाकडे वळते. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका कशाने येतो? थंडीने, शरीरातील पाणी कमी झाल्याने, तापाने किंवा कोणत्याही संसर्गाने, अतिश्रमाने, जागरणाने व मनावरील ताणाने. आता आपल्या विद्यापीठाच्या परीक्षांची नावे आठवा. एक हिवाळी आणि दुसरी उन्हाळी. पहिलीच्या सुमारास पहाटे गावात शेकोट्या पेटतात. दुसरीच्या वेळी वर्ध्याचा पारा ४५ अंशांकडे धाव घेतो. दोन्ही वेळी जागरण असते आणि ताण तर असतोच. सिकलसेलच्या विद्यार्थ्याची परीक्षा घ्यावयाची असे मनात आणून कुणी वेळापत्रक केले असते, तरी ते यापेक्षा नेमके झाले नसते!

पहिल्या वर्षीच्या हिवाळी परीक्षेत मी जे केले ते सांगते, कारण त्यातील प्रत्येक चूक टाळता येण्यासारखी होती.

महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर पहिले चार महिने मला काहीही झाले नाही. म्हणून मी रोजची औषधाची कॅप्सूल घेणे सोडून दिले. बरे वाटते तर औषध कशाला, असा माझा विचार. दुसरी गोष्ट, मी पाणी कमी पीत असे. या आजारात मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे वारंवार जावे लागते. तास चालू असताना दोनदा उठले की मागच्या बाकावरून हसू येई. एसटीत तर सोयच नाही. म्हणून सकाळी घरून निघताना मी घोटभरही पाणी घेत नसे. तिसरी गोष्ट, परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी आईबरोबर कापूस वेचायला गेले. कपाशीवर दहिवर पडलेले होते, हातपाय गारठले. आई नको म्हणत होती. पण वेचणीचे दिवस, आणि माणसे मिळत नव्हती. शिवाय शिकणारी मुलगी घरात बसून राहते, हे शेजारणींनी म्हटलेले मला लागले होते.

राज्यशास्त्राच्या पेपरला पहिला अर्धा तास बरा गेला. मग मांड्यांत आणि पाठीच्या कण्यात ठणका सुरू झाला. ही वेदना कशी असते हे मला शब्दांत सांगता येत नाही. दारात बोट चेमटले की पहिल्या क्षणी जे होते, ते न थांबता तासन् तास होत राहावे, असे काहीसे. दुसरा प्रश्न अर्धा टाकून मी उठले. पर्यवेक्षकांनी विचारले तेव्हा ‘पोट दुखते’ असे खोटे सांगितले. त्यांनी सहानुभूतीने जाऊ दिले. बसस्थानकापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही.

चार दिवस रुग्णालयात होते. सलाईन, वेदनेची इंजेक्शने. तेथील एका तरुण डॉक्टर मॅडमनी विचारले, “कॉलेजात कुणाला माहीत आहे?” मी म्हटले, “कुणालाच नाही.” त्या म्हणाल्या, “मग तिथे दुखायला लागलं तर तू सांगणार कुणाला?” त्या दुसऱ्या खाटेकडे निघून गेल्या. मला तो प्रश्न चारही दिवस पुरला.

राज्यशास्त्रात अर्थातच नापास झाले.

बऱ्या दिवसांचे औषध

या प्रसंगातून मला एक गोष्ट पक्की कळली. सिकलसेल हा दुखण्याच्या दिवशी सांभाळावयाचा आजार नाही. दुखण्याच्या दिवशी जे करावयाचे ते डॉक्टर करतात. आपले काम असते बऱ्या दिवसांत. आणि बऱ्या दिवसांतच आपण त्याला विसरतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीच पुस्तक उघडणाऱ्याची जी गत, तीच येथेही होते. आता माझा नित्यक्रम असा आहे.

पाणी. सकाळी उठल्यावर दोन पेले, आणि पिशवीत एक लिटरची बाटली. वर्ध्याला पोहोचेपर्यंत अर्धी, दुपारपर्यंत पुरी, मग पुन्हा भरावयाची. उन्हाळ्यात याहून जास्त. लघवीला उठावे लागते, तर उठते. हसणारे दोन आठवड्यांत थकले.

औषध. फॉलिक आम्लाची गोळी रोज, कारण नवीन तांबड्या पेशी सतत बनवाव्या लागतात. त्याखेरीज डॉक्टरांनी मला हायड्रॉक्सियुरिया दिले आहे. गर्भात असताना आपल्या अंगात निराळ्या जातीचे हिमोग्लोबिन असते, ते विळ्यासारखे होत नाही. जन्मानंतर ते कमी होते. हे औषध ते पुन्हा वाढविते, त्यामुळे झटके कमी येतात. अमेरिकेत १९९८ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. मात्र ते घेताना ठरावीक मुदतीने रक्ततपासणी करावी लागते. ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावयाचे व मनाने सोडावयाचे नाही. दुसऱ्याचा उपचार पाहून तर मुळीच घेऊ नये, कारण हा आजार प्रत्येकात सारख्या तीव्रतेचा नसतो. लोहाच्या गोळीचेही तेच. ‘रक्त कमी आहे’ म्हणताच लोह घेण्याची आपल्याकडे रीत आहे. माझे रक्त लोहाअभावी कमी नाही, पेशी फुटतात म्हणून कमी आहे. तपासणीवाचून लोह घेणे या आजारात योग्य नव्हे.

ऊब. हिवाळ्यात स्वेटर, कानाला रुमाल, पायात मोजे. पहाटेच्या गाडीत खिडकीपासून दूर बसते. आंघोळीला नेहमी ऊन पाणी. वेचणीला जाते, पण दहिवर उतरल्यावर.

झोप आणि अभ्यास. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास असलेल्या माणसाने रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणे म्हणजे विहिरीत पाणी नसताना मोटार चालू ठेवणे होय. मी चाळीस मिनिटे वाचते, दहा मिनिटे पडते. सत्राच्या सुरुवातीलाच असे धरून चालते की, पंधरा आठवड्यांपैकी तीन आठवडे माझे नाहीत, ते आजाराचे आहेत. उरलेल्या बारांत अभ्यास बसवावयाचा. ते तीन आठवडे वापरावे लागले नाहीत, तर उजळणीला मिळतात. ही पद्धत निरोगी विद्यार्थ्यांनाही वापरून पाहण्यास हरकत नाही.

ताप. अंगात १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप असला तर घरी थांबावयाचे नाही. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, म्हणून साधा संसर्गही अंगावर येतो. लसी वेळेवर घेणे त्यासाठीच महत्त्वाचे आहे.

आणि शेवटची, पण मला सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे सांगणे.

कायले सांगतं लोकाइले?

मी महाविद्यालयात सांगणार आहे असे घरी म्हटले, तेव्हा आई घाबरली. “कायले सांगतं लोकाइले? उद्या तुह्या ताईचं लगीन करा लागन, मंग तुह्यं.” आईचे म्हणणे अडाणीपणाचे आहे असे मी कधी म्हणणार नाही. रक्ताचा आजार आहे असे कळल्यावर पाहुणे परत फिरल्याची उदाहरणे तिने पाहिली आहेत.

तिला मी वहीच्या पाठीवर चौकोन काढून समजावून सांगितले. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. आमच्या घरी ताईला एकेरी आले, मला दुहेरी. ताई वाहक आहे, म्हणजे ती आजारी नाही. तिचे लग्न ज्याच्या तपासणीत हा किंवा थॅलेसेमियाचा दोष नाही अशा मुलाशी झाले, तर तिचे एकही मूल या आजाराचे रुग्ण होणार नाही. फार तर वाहक होईल. तेव्हा तपासणी दोन्हीकडची व्हावी, एकट्या मुलीची नव्हे. बाबा चौकोनाकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “मंग आमच्या लग्नाच्या वक्ती हे कोनं सांगतलं असतं त?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या घरात तो अहवाल वाचू शकणारी पहिली व्यक्ती मीच आहे.

शेवटी मी वर्गशिक्षिका मॅडमना कार्ड दाखविले. त्यांनी ते पूर्ण वाचले आणि म्हणाल्या, “आणि मी तुला हजेरीवरून बोलत होते.” त्यानंतर झालेल्या सोयी अगदी साध्या आहेत. दाराजवळचा बाक, तासाला बाटली जवळ ठेवण्याची मोकळीक, न विचारता बाहेर जाण्याची परवानगी. दवाखान्याचा कागद दिला की चुकलेली चाचणी पुन्हा. दोन मैत्रिणींनी टिपणांची छायाचित्रे फोनवर पाठविण्याचे पत्करले. या कशालाही पैसा लागला नाही. उन्हाळी परीक्षेत राज्यशास्त्राचा राहिलेला पेपर निघाला. आजार गेला असा याचा अर्थ नाही. गेल्या पावसाळ्यात पुन्हा तीन दिवस रुग्णालयात होते. परंतु त्या वेळी मला खोटे बोलावे लागले नाही, आणि मैत्रिणी वेळेवर घेऊन गेल्या.

हक्काच्या गोष्टी

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश आहे त्यांत सिकलसेल आहे. तपासणीनंतर ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. मात्र याच कायद्यातील नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांचा उल्लेख नाही. म्हणजे शिकण्यासाठी दार उघडे, नोकरीसाठी नाही. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा, असे मला वाटते. राज्य परिवहनाच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत आहे. प्रमाणपत्र व कार्ड जवळ ठेवावे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवावयाचा, असा तिचा संकल्प आहे. याच २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत जनुकातच दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. त्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या कल्पनेपलीकडचा आहे. तो खाली येईपर्यंत पाणी, ऊब, गोळी आणि तपासणी हेच आपले उपाय होत. त्यांपैकी तपासणीचे काम आपण विद्यार्थीही पुढे नेऊ शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावात जातो. त्या गावात एक दिवस रक्ततपासणीसाठी ठेवावा, आणि सुरुवात आपल्यापासून करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. आपला जिल्हा या बाबतीत सुदैवी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. ज्याच्या दाराशी असे शिक्षण चालते, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला स्वतःच्या रक्ताचा प्रकार माहीत नसावा, हे बरे नव्हे.

मित्रमैत्रिणींसाठीही थोडे. शेजारच्या बाकावरील कुणाला असा झटका आला, तर त्याला बसवा, अंगावर काही उबदार घाला, पाणी द्या, घरी कळवा. बर्फ लावू नका, जोराने चोळू नका. छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, ताप असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडत असेल, तर क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. ‘नाटक करते’ असे म्हणू नका. या वेदनेला सूज नसते, जखम नसते, ती बाहेरून दिसत नाही. ज्याला ती होते त्याच्या शब्दाखेरीज तिचा दुसरा पुरावा नाही.

प्राध्यापकवर्गास एवढीच विनंती की, वारंवार गैरहजर राहणारा, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोहोचणारा, तासाला मान खाली घालून बसणारा विद्यार्थी आढळला, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी एकदा बाजूला घेऊन विचारावे. कदाचित तो खरोखर आळशीही असेल! पण विचारावे.

शेवटी एका गोष्टीची कबुली देणे भाग आहे. सांगा, लपवू नका, असे मी पानभर लिहिले, आणि या लेखावर माझे नाव नाही. ताईची बोलणी सुरू आहेत. मुलाकडच्यांना तिचा अहवाल आम्ही दाखविला आहे. त्यांच्या मुलाची तपासणी व्हावयाची आहे. ती होईपर्यंत छापील नाव गावात फिरू नये, एवढे आईने मागितले आणि मी ते मान्य केले. संपादकांनीही समजून घेतले. वर्गातील सर्वांना मी कोण ते ठाऊकच आहे. हेरिक यांच्या लेखातही रुग्णाचे नाव नव्हते, पण तेथे ते त्याने स्वतः ठरविले होते काय, कोण जाणे. येथे ते आम्ही मायलेकींनी चुलीपाशी बसून ठरविले आहे, आणि ते या एका अंकापुरते आहे.

पुढील वर्षी मी अंतिम वर्षाला असेन. तेव्हा या विषयावर पुन्हा लिहिण्याचा विचार आहे. तोवर हिवाळी परीक्षा येत आहे. स्वेटर काढून ठेवला आहे, बाटली भरून ठेवली आहे. सर्वांना परीक्षेसाठी शुभेच्छा.